लांबलचक इंग्रजी शब्दांचा मराठी कार्डसंच : कामाच्या नोंदी

काम असं : ए-६ मापाची ४८ कार्डं. पुढे इंग्रजी शब्द, खाली देवनागरी उच्चार आणि शब्दाची फोड. मागे मराठी अर्थ, शब्द कुठून आला ते दोन ओळींत, आणि एक वाक्य. वाचनालयातल्या मुलांच्या कोपऱ्यासाठी, आठवी ते दहावी, मराठी माध्यम. पाच संच. बजेट २,००० रुपये. तीन आठवड्यांचा अंदाज होता, सात लागले. असा संच कुणी करणार असेल तर निदान आमच्या चुका तरी पुन्हा करू नका.

१० जानेवारी. शब्द गोळा केले

'सर्वांत लांब शब्द' छापाच्या तयार याद्यांतून ११२ शब्द उचलून तक्त्यात ओतले. पहिली चूक इथेच झाली. या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे एकीतली चूक पाचांत सापडते आणि पाच ठिकाणी दिसली म्हणून खरी वाटते.

सरळ बाद केलेले : टायटिन या प्रथिनाचं १,८९,८१९ अक्षरांचं रासायनिक नाव (तो शब्द नाही, सूत्र आहे, कुठल्याही शब्दकोशात नाही), वेल्समधल्या गावाचं ५८ अक्षरी नाव (भाषा वेल्श), आणि नुसती अनेकवचनं करून लांबवलेले शब्द.

१३ जानेवारी. बनावट शब्द

ही तपासणी आधी करायला हवी होती. 'एस्क्विव्हेलिअन्स' या १३ अक्षरी शब्दाचं कार्ड लिहून तयार होतं. अर्थ 'नेमून दिलेलं काम मुद्दाम टाळणं', म्हणून मागे झकास 'अंग चोरणे' लिहिलं होतं. हा शब्द २००१च्या न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीत संपादकांनी मुद्दाम घुसवलेला आहे. कुणी कोश चोरून छापला तर या शब्दावरून पकडता यावा, एवढाच त्याचा उपयोग. कार्ड रद्द.

मुद्दाम न घातलेलाही असतो. वेबस्टरच्या १९३४च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' म्हणजे 'घनता' असं छापून गेलं. मूळ चिठ्ठीवर 'मोठा डी किंवा छोटा डी, घनतेचं संक्षिप्त रूप' असं होतं. इंग्रजीत 'किंवा'चं 'ऑर' दोन डींच्या मध्ये आलं आणि कुणीतरी चारही अक्षरं जोडून वाचली. १९३९ साली लक्षात आलं. म्हणजे नामांकित कोशात सापडला, एवढ्यावर भागत नाही. नियम ठरवला : दोन स्वतंत्र कोश, आणि कोशांबाहेर निदान एकदा खरा वापर.

या नियमाला एकच अपवाद ठेवला. लांब शब्दांच्या भीतीसाठी विनोदाने रचलेला 'हिपोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपिडेलिओफोबिया' हा ३६ अक्षरी शब्द मुलांना हवाच असतो. कार्डावर कोपऱ्यात 'गमतीने रचलेला' असा शिक्का. त्याच्या पोटातला 'सेस्क्विपिडेलिअन' मात्र अस्सल आहे. रोमन कवी होरेसने 'दीड फुटी शब्द' म्हटलं होतं, तिथून आला. मराठीत 'जडजंबाल' हा त्याचा नेमका जोडीदार.

१६ जानेवारी. अक्षरं मोजली, आकडे चुकले

प्रत्येक कार्डावर इंग्रजी अक्षरसंख्या द्यायची होती. तक्त्यात अक्षरं मोजणारं 'लेन' सूत्र लावलं. 'न्यूमोनोअल्ट्रा…' हा ४५ अक्षरी शब्द ५० दाखवू लागला. डोळ्यांनी मोजला तर ४५च. अर्धा दिवस यात गेला.

कारण : वेबपानावरून उचललेल्या लांब शब्दांत न दिसणारी 'सॉफ्ट हायफन' चिन्हं असतात, ओळ कुठे तोडावी ते ब्राउझरला सांगण्यासाठी. शिवाय शेवटी न तुटणारी स्पेस चिकटून येते. जादा मोकळ्या जागा काढणारं 'ट्रिम' सूत्र यातलं काहीच काढत नाही. एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवणारं 'सब्स्टिट्यूट' लावून ही दोन चिन्हं, युनिकोड १७३ आणि १६०, रिकामी केली, मग आकडे जुळले.

हा शब्द तुकड्यांनी मोजावा : ८ + ५ + ११ + ६ + ७ + ८. बेरीज ४३ आली तर पहिल्या तुकड्याच्या शेवटचं 'नो' गळलं आहे. ही चूक आमच्या तीन याद्यांत होती.

देवनागरीला 'लेन' लावूच नका. 'स्ट्रेंग्थ्स' हा शब्द इंग्रजीत ९ अक्षरांचा, एकच स्वर असलेला. देवनागरीत सूत्र १२ सांगतं, कारण ते हलन्त, मात्रा, अनुस्वार सगळं सुटं मोजतं. वाचणाऱ्याच्या डोळ्याला अक्षरं दोनच : 'स्ट्रें' आणि 'ग्थ्स'. ४५ अक्षरी राक्षस देवनागरीत २२ अक्षरांत बसतो, २९ अक्षरी 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' १३ अक्षरांत. हे दोन आकडे कार्डावर शेजारी शेजारी ठेवले. चाचणीत मुलांनी सर्वांत आधी तेच मोजून पाहिले.

१९ ते २२ जानेवारी. उच्चार आणि फोड

ठरवलेले नियम थोडक्यात : झेडच्या उच्चाराला 'झ', नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) नाही. व्हीला 'व्ह'. जोर असलेलं अक्षर ठळक. मराठीत रुळलेलं रूप असेल ('थर्मामीटर') तर ते बदलायला जायचं नाही, फक्त न रुळलेल्या शब्दांना इंग्रजी उच्चार द्यायचा. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा १६ अक्षरी शब्द म्हणून 'स्फिग्मोमनॉमिटर' लिहिला, जोर 'नॉ'वर. अर्थाच्या जागी 'बीपीचं मशीन'. 'रक्तदाबमापक' खाली बारीक अक्षरांत.

फोड आधी उच्चारानुसार केली होती : न्यू-मो-नो-अल्-ट्रा-माय-क्रो… ही निरुपयोगी ठरली. वाचणारा सगळे तुकडे बिनचूक म्हणतो आणि शेवटी त्याच्या हातात काहीच नसतं. चार दिवसांचं काम पुसून मुळांनुसार फोड केली : न्यूमोनो + अल्ट्रा + मायक्रोस्कोपिक + सिलिको + व्हॉल्केनो + कोनिओसिस. फुप्फुस, पलीकडचं, सूक्ष्मदर्शी, सिलिका, ज्वालामुखी, धुळीचा आजार. सहा तुकड्यांत निदान तीन ओळखीचे निघतात. न्यूमोनिया सगळ्यांना माहीत असतो, आणि त्यातला सुरुवातीचा पी बोलत नाही हेही तिथेच सांगून होतं.

तुकड्यांमध्ये अधिकचिन्ह ठेवा. हायफन ठेवलं तर तो शब्दाचाच भाग आहे असं मुलं समजतात. मधला ठिपका बारीक छपाईत अनुस्वारासारखा दिसतो.

२५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी. अर्थ

सर्वाधिक वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा. पहिल्या खर्ड्यातले ४८ पैकी १७ अर्थ बदलावे लागले. बहुतेक चुकांचं मूळ एकच : फोड केली, तुकड्यांचं भाषांतर केलं आणि ते जोडून टाकलं. फोड लक्षात ठेवायला चांगली, अर्थ सांगायला बेभरवशाची. चुका एकेक करून देत आहोत.

बॉर्बोरिग्मस, ११ अक्षरं. खर्ड्यात लिहिलं होतं 'पोटात कावळे ओरडणे'. वाचायला गोड, अर्थाने चूक. कावळे भुकेने ओरडतात, आणि तेही खरा आवाज नसतो. बॉर्बोरिग्मस हा आतड्यांतून वायू आणि पातळ पदार्थ सरकताना येणारा खराखुरा आवाज. जेवून उठल्यावरही येतो. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून जो ऐकतात तो. मराठीत त्याला साधा शब्द आहे : पोटातली गुडगुड. मूळ ग्रीक शब्दही आवाजाची नक्कल करूनच झालेला आहे. 'बॉर्बोर' आणि 'गुडगुड' दोन्ही मोठ्याने म्हणून पाहा, कार्डावर आणखी काही लिहायची गरज उरत नाही. वाक्य : 'वर्गात सगळे चिडीचूप असताना नेमकी त्याच्या पोटात गुडगुड सुरू झाली.'

फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, २९ अक्षरं. त्यात आय नऊ वेळा येतो आणि ई एकदाही नाही. खर्ड्यात 'निरुपयोगीपणा'. चूक, कारण शब्द वस्तूबद्दल नाही, माणसाच्या नजरेबद्दल आहे : एखादी गोष्ट कवडीमोल ठरवण्याची क्रिया. फ्लॉकस म्हणजे लोकरीचा झुपका, नॉकम म्हणजे टरफलासारखी क्षुल्लक वस्तू, निहिल म्हणजे काही नाही, पिलस म्हणजे केस. शाळेच्या लॅटिन व्याकरणात 'क्षुल्लक लेखणे' या प्रयोगासाठी ही चार रूपं ओळीने पाठ करून घेत, ती एकत्र बांधून शब्द झाला. कवी विल्यम शेन्स्टनच्या १७४१ सालच्या पत्रात तो आहे, आणि तिथे बोलणं पैशाला तुच्छ मानण्याबद्दल आहे. मग मराठी काय? 'कस्पटासमान लेखणे'. लोकरीच्या झुपक्याच्या जागी कस्पट, आणि 'लेखणे' हे क्रियापद नेमकं. 'तृणवत लेखणे' हा पर्याय होता, पण आठवीतल्या मुलाला 'तृणवत'चा अर्थ वेगळा द्यावा लागला असता. काही याद्या शब्दाचं साल १७६९ देतात. ते पत्र छापून आल्याचं साल आहे.

ॲन्टिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम, २८ अक्षरं. यात सर्वांत मोठा घोटाळा. तुकडे जोडून झालं 'प्रस्थापितविरोधाला विरोध'. मराठी वाचणाऱ्याच्या डोक्यात 'प्रस्थापित' म्हटलं की साखर कारखाना, घराणं आणि निवडणूक उभी राहते. अर्थ पूर्ण भलतीकडे गेला. इथे 'एस्टॅब्लिशमेंट' म्हणजे चर्चला असलेला राजाश्रय, कायद्याने दिलेला अधिकृत धर्मसंस्थेचा दर्जा. तो काढून घेणं म्हणजे 'डिसएस्टॅब्लिशमेंट', आणि त्याला विरोध करणारी भूमिका म्हणजे हा शब्द. एकोणिसाव्या शतकातला ब्रिटनमधला वाद. आयर्लंडमधल्या चर्चचा दर्जा १८६९च्या कायद्याने गेला आणि अंमल १ जानेवारी १८७१ पासून झाला. वेल्समध्ये १९२०. इंग्लंडच्या चर्चचा अजून आहे. कार्डावर शेवटी : 'चर्चचा राजाश्रय काढून घेऊ नये, अशी भूमिका'. सात शब्द झाले, होऊ देत. एका शब्दाला एकच शब्द देण्याचा हट्ट या कार्डापासून सोडला.

न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस. खर्ड्यात 'फुप्फुसांचा एक रोग' एवढंच. अर्धसत्य. हा शब्द डॉक्टरांनी केलेला नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो बैठकीत मांडला, वर्तमानपत्रात आला आणि १९३९च्या वेबस्टरच्या पुरवणीत शिरला. ऑक्सफर्डचा मोठा कोश आजही सांगतो की तो प्रामुख्याने लांब शब्दाचा नमुना म्हणूनच भेटतो. आजार मात्र खरा आहे : सिलिकोसिस. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि तिथे कायमचे व्रण धरतात. मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटी-पेन्सिलीच्या कारखान्यांतल्या कामगारांना तो झाल्याची नोंद आहे. पाटीवरची पेन्सिल मुलांना माहीत असते, म्हणून वाक्यात तेच घेतलं. ज्वालामुखीचं चित्र काढून टाकलं. सुंदर होतं, पण आजार ज्वालामुखीजवळच होतो असा समज करून देत होतं.

डिफेनेस्ट्रेशन, १४ अक्षरं. खर्ड्यात 'कडेलोट'. मोह आवरला नव्हता. कडेलोट कड्यावरून होतो, शिक्षा म्हणून होतो, आणि टकमक टोक पाहिलेल्याला त्याचा शेवट सांगावा लागत नाही. इथे खिडकी आहे. २३ मे १६१८ रोजी प्रागमध्ये तिघांना किल्ल्याच्या खिडकीतून फेकलं, आणि तिघेही वाचले. अर्थ : 'खिडकीतून बाहेर फेकणे'. 'गवाक्षक्षेपण' असा शब्द घडवून कुणीतरी सुचवला होता. नको. अशा घडवलेल्या शब्दांना पुन्हा अर्थ द्यावा लागतो.

डर्मॅटोग्लिफिक्स, १५ अक्षरं, एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. खर्ड्यात 'हस्तसामुद्रिक' लिहिलं गेलं. ही नुसती चूक नाही, उलटा अर्थ आहे. हॅरल्ड कमिन्स यांनी १९२६ साली हा शब्द केला तो बोटं, तळहात, तळपाय यांवरच्या उंच रेषांच्या नक्षीचा शास्त्रीय अभ्यास म्हणून. भविष्याशी संबंध नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगतो म्हणणाऱ्या जाहिराती हाच शब्द वापरतात, त्यामुळे कार्डावर ती ओळ मुद्दाम घातली.

हॉरिपिलेशन, १३ अक्षरं. हे एक कार्ड विनासायास झालं. 'अंगावर काटा येणे'. लॅटिन 'हॉरेरे' म्हणजे ताठ उभं राहणं, 'पिलस' म्हणजे केस (हाच पिलस वर २९ अक्षरी शब्दात आहे, कार्डांवर एकमेकांचे क्रमांक दिले). संस्कृतचा 'हृष्' आणि लॅटिनचा 'हॉरेरे' एकाच मुळातले मानतात, म्हणजे 'रोमहर्ष' आणि 'हॉरिपिलेशन' दोन्ही शब्द केस आणि ताठ होणं याच दोन गोष्टींनी बांधलेले आहेत.

ट्रिस्कायडेकाफोबिया, १७ अक्षरं. तेराच्या आकड्याची भीती. ग्रीकमध्ये 'तीन आणि दहा'. शेजारी 'त्रयोदश' लिहिलं की फोड सांगावी लागत नाही. वाक्यात 'तीनतेरा वाजले' घालायचा मोह होतो, घालू नका, त्याचा या भीतीशी संबंध नाही. तेराव्याचं जेवणही नको. पाश्चात्त्य देशांतल्या इमारतींत बारानंतर थेट चौदावा मजला, हे उदाहरण पुरेसं आहे.

स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम, ३० अक्षरं. दोनदा 'स्यूडो' (म्हणजे खोटा) पाहून आधी छपाईची चूक वाटली आणि एक काढून टाकला. तसं केलं तर वेगळ्याच आजाराचं नाव होतं. परावटु ग्रंथीचं संप्रेरक बनतं पण शरीर त्याला दाद देत नाही, रक्तातलं कॅल्शियम उतरतं, तो 'स्यूडो' एकदा. अमेरिकन डॉक्टर फुलर ऑल्ब्राइट यांनी १९४२ साली त्याचं वर्णन केलं. मग अंगकाठी, बोटांची हाडं सगळं तसंच, पण रक्त तपासलं तर ठीक, असा रुग्ण दिसला. त्या नकलेच्या नकलेला १९५२ साली दुसरा 'स्यूडो' लागला. कार्डावर 'सोंगाचं सोंग' हे उपशीर्षक, खाली नीट अर्थ.

ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी, १९ अक्षरं. कान-नाक-घसा. गल्लीतल्या दवाखान्याच्या पाटीवर शतदा वाचलेला शब्द, मूळ शब्दाच्याच क्रमाने. अर्थाला एक मिनिट.

७ फेब्रुवारी. टंकलेखन आणि क्रम

'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो : एक अखंड अक्षर (युनिकोडमध्ये २००८ पासून), आणि दुसरा 'अ'ला अर्धचंद्र जोडून. दिसायला एकसारखे, शोधताना वेगळे. आमच्या फाइलमध्ये दोन्ही होते, शिवाय काही जागी 'अँ'. 'ॲन्टि' शोधलं तर ते कार्ड सापडायचंच नाही. सगळे बदलून अखंड 'ॲ' केला.

मग क्रम लावला. मांडणीची स्क्रिप्ट नुसत्या युनिकोड क्रमांकाने लावत होती, त्यामुळे 'ॲ'चं कार्ड 'ह'च्याही मागे, थेट शेवटी. देवनागरी क्रमाचा नाद सोडून इंग्रजी आद्याक्षराने लावलं. मुलांना शब्दकोशात पाहायचं असतं तेव्हा तोच क्रम कामी येतो.

फॉन्ट : शब्दांना 'शोभिका', मजकुराला 'मुक्त'. दोन्ही मोफत. निवडण्याआधी 'ल्ट्रा', 'ग्थ्स', 'स्फि', 'ऱ्या' एवढं टाइप करून पाहा. फॉन्ट कच्चा असेल तर इथेच उघडा पडतो. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवे असतील तर मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवा, फॉन्टमध्ये सोय असेल तर आकार आपोआप बदलतात.

सर्वांत लांब शब्द एका ओळीत हवा होता. २४ पॉइंटात शेवटचा 'स' कापाच्या रेषेला चिकटला. २२ वर बसला. बाकीचेही २२ केले.

११ फेब्रुवारी. प्रूफ, बिघाड पहिला

छापखान्याला मूळ फाइल दिली. तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरने जोडाक्षरं सुटी केली आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेली. 'सिलिको'चं 'सलिकि' झालं. ४० रुपये गेले. मूळ फाइल देऊ नका. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या, त्याहून बरं म्हणजे सगळी अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांच्या जागी त्यांच्या आकाराचं रेखाचित्र करून) द्या. कर्व्ह केल्यावर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

दुसरी अडचण मापाची. १२ × १८ इंची शीटवर आठ कार्डं बसतील असा हिशेब होता (दीड फूट, होरेसचा शब्दच). ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेने सोडायची जादा छपाई, धरायचं राहिलं. कार्ड १४८ मिमी रुंद, दोन्ही बाजूंना ३-३ मिमी धरून १५४, दोन कार्डांचे ३०८. शीट ३०५. तीन मिलिमीटरने गेलं. १३ × १९ घ्या, ३३० मिमी मिळतात.

१५ फेब्रुवारी. पहिला संच वाया

सहा शीट, दोन्ही बाजू, ३०० जीएसएम आर्ट कार्ड. कापून झाल्यावर कळलं : चर्चच्या राजाश्रयाच्या कार्डामागे पोटातली गुडगुड, आणि गुडगुडीच्या मागे चर्च. ४८च्या ४८ कार्डांत शेजाऱ्यांची अदलाबदल. शीट लांब कडेवर उलटते तेव्हा डावी रांग उजवीकडे जाते, म्हणून मागच्या पानावर दोन्ही रांगांची जागा बदलून ठेवावी लागते. प्रूफ एकाच बाजूचं काढलं होतं, त्यामुळे तिथे दिसलं नाही. ६० रुपये देऊन दोन्ही बाजूंचं प्रूफ काढलं असतं तर २७० वाचले असते.

याच संचावर लॅमिनेशन फक्त पुढच्या बाजूला केलं होतं, पैसे वाचवायला. रात्रीत कार्डं पापडासारखी वळली. दोन्ही बाजूंना करा, मॅट. चकचकीत केलं तर ट्यूबलाइटखाली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. आणि लॅमिनेशन आधी, कटिंग नंतर.

२१ फेब्रुवारी. पाच संच

रांगा बदलल्या, दोन्ही बाजूंचं प्रूफ पाहिलं, प्रत्येक कार्डाचा क्रमांक पुढे-मागे दोन्हीकडे छापला. आता चुकलं तर एका नजरेत दिसतं. ३० शीट नीट आले. कोपरे गोल करून घेतले.

खर्च : छपाई १,३५०, दोन प्रूफ १००, वाया गेलेला संच २७०, त्याचं लॅमिनेशन ३६, पाच संचांचं लॅमिनेशन ३६०, कटिंग आणि कोपरे २००, डबे १५०, स्टिकर ४० (खालची नोंद पाहा). एकूण २,५०६. बजेटपेक्षा ५०६ जास्त, त्यातले ३८६ निव्वळ चुकांचे.

२८ फेब्रुवारी. स्टिकर

कार्ड क्र. २३, 'ऑनरिफिकाबिलिट्युडिनिटाटिबस', २७ अक्षरं, व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर अशी शेवटपर्यंत न मोडणारी रांग. मागे छापलं होतं 'शेक्सपिअरने तयार केलेला शब्द'. तो त्याने केलेला नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये आधीपासून होता, 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'च्या पाचव्या अंकात कॉस्टर्ड या विदूषकी पात्राच्या तोंडी एकदाच येतो. ४८ अर्थ दोनदा तपासले, पण मूळाच्या ओळी एकदाच, म्हणून निसटलं.

शेवटच्या 'इबस'चं काय करायचं, हेही खर्ड्यात राहून गेलं होतं. ते शब्दाचं मूळ नाही, विभक्तीचा प्रत्यय आहे : चतुर्थी-पंचमीचं अनेकवचन. संस्कृत घेतलेल्या मुलांना 'रामेभ्यः' सांगितलं की पुरतं, तिथेही चतुर्थी आणि पंचमीला रूप एकच. नवी ओळ : 'मानसन्मानाला पात्र असणे, या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दाचं विभक्तिरूप. शेक्सपिअरने एकदाच वापरलं.'

ए-४ स्टिकरपेपरवर पाच प्रती, १२० × १८ मिमी. मॅट लॅमिनेशनवर साधा स्टिकर आठवड्यात कोपऱ्याने सुटतो, म्हणून लावण्याआधी ती जागा कोरड्या कापडाने पुसून घेतली आणि स्टिकरचेही कोपरे गोल कापले. चार संचांवर लावून झाले. पाचवा डबा मुलांनी घरी नेला आहे, परत आला की लावायचा.